गोव्यात फुटबॉल मॅच बघायचीय? मग म्हाताऱ्यांच्या शेजारी जागा पकडा

ताई, म्हणजे तुमचं असं की सांगलीहून चौघं जानेवारीत पाच दिवस येताय, कळंगुटला राहणार, मुलगा अकरा वर्षांचा आणि फुटबॉलवेडा, त्याला एक तरी मॅच दाखवायचीय, आणि विचारलंय की एफसी गोवाचंच तिकीट काढावं का, बायकामुलांनी जावं का आणि परत यायला गाडी मिळते का. मी मूळचा सावंतवाडीचा, कॉलेज कोल्हापूरला, आणि २००३ पासून म्हापशात नोकरीला, त्यामुळे तीन गावचं पाणी पिऊन सांगतोय. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी एफसी गोवाचं, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) खेळणाऱ्या गोव्याच्या क्लबचं. मॅच असेल आणि तिकीट मिळत असेल तर जरूर जा, मी नको म्हणणार नाही. त्यांचं मैदान म्हणजे मडगावचं फातोर्डा, १९८९ मध्ये झालेलं स्टेडियम, साधारण १९,००० माणूस बसतो, २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपच्या मॅचेस इथे झाल्यात. पोराला नारिंगी जर्सी, ढोल, "फोर्सा गोवा"ची आरोळी, सगळं आवडेल. पण फक्त याच मॅचवर पाच दिवसांचं प्लॅनिंग टाकू नका. एकतर घरची मॅच तुमच्याच तारखांना पडेल याची खात्री नाही, त्यात २०२५ मध्ये आख्खी लीगच लटकली होती आणि लोक नुसते वेळापत्रकाची वाट बघत बसलेले, तेव्हा हॉटेल बुक करायच्या आधी तारखा बघून घ्या. दुसरं म्हणजे मोठं नाव बघून जाऊ नका. ऑक्टोबर २०२५ ला रोनाल्डोचा सौदी क्लब अल नस्र आशियाई स्पर्धेसाठी फातोर्ड्याला आला तेव्हा सगळं गाव रोनाल्डो रोनाल्डो करत होतं, आणि तो आलाच नाही! मॅच मात्र चांगली झाली, गोवा १-२ ने हरला पण लढला, आणि जे रोनाल्डोसाठी गेले होते ते रडत परतले, जे फुटबॉलसाठी गेले होते ते खुशीत.

आणि परतीचं. हा भाग नीट वाचा कारण मी स्वतः यात गाढव झालोय. २० डिसेंबर २०१५, आयएसएलची फायनल, फातोर्ड्यावरच, गोवा विरुद्ध चेन्नईयन. ८७व्या मिनिटाला गोवा २-१ पुढे, माझ्या शेजारच्या माणसाने मला मिठी मारली, ओळख ना पाळख. मग ९०व्या मिनिटाला आपल्याच गोलीचा सेल्फ गोल, आणि त्यानंतर दोन मिनिटांत चेन्नईयनचा तिसरा. ३-२, संपलं. इतकी शांतता मी त्या स्टेडियमवर परत कधी ऐकली नाही, लोक पायऱ्यांवर नुसते बसून राहिले, मीही बसलो, आणि त्या बसण्यात शेवटची बस गेली. म्हापशाला जायला काही म्हणजे काही नाही. रात्र मडगाव स्टेशनच्या बाकावर काढली, सकाळी पहिल्या बसने घरी, बायको अजून काढते तो विषय. तर तुम्ही कळंगुटहून फातोर्ड्याला जाणार असाल तर जायला पणजीपर्यंत बस आणि पुढे पणजी-मडगाव शटल पकडा, मस्त जाते, पण येण्यासाठी गाडी आधीच ठरवून ठेवा, ड्रायव्हरला थांबायला सांगा आणि कुठे थांबणार ती जागा ठरवा. गोव्यात रात्री मोबाइलवर टॅक्सी बोलवू आणि दोन मिनिटांत येईल हा पुण्या-मुंबईचा हिशोब इथे विसरायचा. स्टेडियमवर पाण्याची बाटली, लायटर, पॉवरबँक असलं काही आत सोडत नाहीत, मोठी बॅग नेऊच नका.

आता खरं सांगतो. तुमच्या जागी मी असतो तर फातोर्डा जमलं तर बोनस धरला असता, आणि एक संध्याकाळ गावच्या मैदानासाठी ठेवली असती. कळंगुटहून तुम्हाला सगळ्यात जवळचं चांगलं ग्राउंड म्हणजे म्हापशाचं धुळेर. तिथे गोवा प्रोफेशनल लीगच्या मॅचेस होतात, धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स ही नावं तुम्ही ऐकली असतील. नसतील तर सांगतो, धेंपोने देशाची लीग पाच वेळा जिंकलीय, साळगावकर आणि चर्चिलने दोन दोन वेळा. म्हणजे एक काळ असा होता की आकाराने आपल्या सिंधुदुर्गाएवढ्यासुद्धा नसलेल्या या राज्याने कोलकात्याच्या क्लबांना घाम फोडला होता. धेंपो आणि साळगावकर म्हणजे खाणवाले, खनिजाचा पैसा फुटबॉलमध्ये यायचा. मग २०१२ ला खाणी बंद पडल्या, आणि २०१६ मध्ये राष्ट्रीय फेडरेशनच्या नव्या लीगच्या आराखड्यावर चिडून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघा क्लबांनी आय-लीग, म्हणजे ती देशाची लीगच सोडली. धेंपो आता परत आलाय, पण गेला तो रुबाब गेलाच. हे मुद्दाम सांगतोय कारण धुळेरला गेलात की तुम्हाला दोनतीनशे माणसंच दिसतील आणि वाटेल अरे हेच का ते गोव्याचं फुटबॉल. हेच ते. ती दोनतीनशे माणसं कोण आहेत ते बघा.

कोल्हापूरला मी शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या मॅचेस बघितल्यात. तिथे पेठ खेळते, माणूस आपल्या तालमीसाठी घसा फाडतो, समोरच्याने चांगला गोल मारला तरी तोंडातून वाहवा निघणार नाही, जीव गेला तरी. गोव्यात उलटं. इथे म्हाताऱ्यांची एक जमात आहे, साठी-सत्तरीची, कुणी बोटीवर नोकरी करून आलेला, कुणी रिटायर मास्तर, कुणी आयुष्यभर हाफ खेळून गुडघा गमावलेला, हे लोक कुठलीही मॅच बघायला येतात, टीम कुठलीही असो. टाळ्या फार वाजवत नाहीत. बोलतात. आणि जे बोलतात तेवढ्यासाठी मी धुळेरला जातो. एकदा एक पोरगा राइट हाफला खेळत होता, तीन वेळा बॉल आला आणि तिन्ही वेळा त्याने तो नीट समोरच्या टीमच्या पायात नेऊन दिला. माझ्या पुढच्या पायरीवरचा आजोबा, डोक्यावर टोपी, हातात कागदाच्या पुडीत खारे शेंगदाणे, मान न वळवता म्हणाला, "हो खेळगडो न्हय, पोस्टमन. सगळ्यांक घरपोच दिता." आख्खी रांग हसली, आणि गंमत म्हणजे तो पोरगाही हसला, कारण ग्राउंड एवढं जवळ असतं की सगळं ऐकू जातं. पाच मिनिटांनी त्याच पोराने एक लांब क्रॉस असा टाकला की बस, तेव्हा आजोबा काही बोलला नाही, फक्त शेंगदाणे खायचा थांबला.

म्हणून सांगतो, रिकामी मोठी जागा बघून लांब जाऊन बसू नका. म्हाताऱ्यांच्या मागच्या पायरीवर बसा. मुलाला त्यांच्या शेजारी बसवलंत तर अजून चांगलं, "तुजें नांव कितें रे?" एवढं विचारून झालं की पुढची नव्वद मिनिटं त्याची शिकवणी सुरू. ऑफसाइड का दिला, गोली पुढे का आला, सगळं. बार्देशात, म्हणजे म्हापसा-कळंगुटच्या या तालुक्यात, मराठी आरामात चालतं, समोरून कोकणीत उत्तर येईल पण तुम्हाला कळेल, सांगलीच्या कानाला दहा मिनिटं लागतील फार तर. ब्रह्मानंद शंखवाळकरांचं नाव काढा हवं तर, ताळगावचे, भारताचे कॅप्टन होते, अर्जुन पुरस्कारवाले गोलकीपर, त्यांचं नाव काढलंत की समोरचा म्हातारा खुर्ची सरकवून जवळ येतो असा माझा अनुभव आहे.

तिसरा प्रकार, आणि माझ्या मते पोरासाठी सगळ्यात भारी, तो म्हणजे गावच्या टूर्नामेंट. भात कापून झालं की नोव्हेंबरपासून पाऊस येईपर्यंत गावोगाव चालू असतात, मडगावकडच्या सासष्टी तालुक्यात जास्त, म्हणजे नावेली, बाणावली, कुडतरी, वार्का ही पट्टी, पण बार्देशातही असतात. काही ठिकाणी धड ग्राउंड असतं, चिऱ्यांच्या पायऱ्या बांधलेल्या, आणि काही ठिकाणी सरळ कापलेल्या शेतातच चुन्याच्या रेषा मारून, बांबूला जाळी लावून खेळ सुरू. बायका, पोरं, म्हातारे सगळे मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, ओळीने बसलेले. धसकटांवर बॉल असा काही उडतो की चांगला चांगला खेळाडू फसतो, आणि ज्याचं बालपण त्याच शेतात गेलंय तो बरोबर तिथेच बॉल टाकतो. बॉल ओहोळात गेला की तो आणायला दोन पोरं ठरलेली असतात, ती कपडे भिजवायची संधी सोडत नाहीत. माइकवर एक माणूस अखंड बोलत असतो, मध्येच कुणाची स्कूटर रस्त्यात आडवी लावलीय तेही तोच सांगतो. ड्रॉ झाला की सरळ टायब्रेकर, म्हणजे पेनल्टी, आणि टायब्रेकरला सगळी मेर रिकामी होऊन गोलपोस्टच्या मागे जाऊन उभी राहते. आमच्या सावंतवाडीकडे टेनिस बॉल क्रिकेटच्या टूर्नामेंट असतात ना, तसंच वातावरण, फक्त इथे ते शंभर वर्षांहून जुनं आहे. १८८३ मध्ये शिवोलीला फादर लायन्स नावाच्या पाद्र्याने फुटबॉल आणला असं सांगतात, आणि शिवोली तुमच्या कळंगुटहून फार लांब नाही, नुसतं फिरायला म्हणून जाऊन या. २०१२ मध्ये सरकारने फुटबॉलला राज्याचा अधिकृत खेळ जाहीर केलं, म्हणजे सरकारला कळायला सव्वाशेच्या वर वर्षं लागली.

मॅच शोधायची कशी हा खरा प्रश्न. गावची टूर्नामेंट तुम्हाला कुठल्या तिकिटाच्या ॲपवर सापडणार नाही. प्रो लीगचं वेळापत्रक गोवा फुटबॉल असोसिएशन सोशल मीडियावर टाकते, ते बघा. बाकीच्यासाठी सकाळी चहाच्या वेळी पेपर घ्या, गोव्यातला तरुण भारत नाहीतर गोमन्तक, खेळाचं पान उघडा, आज कुठे कुणाची मॅच ते बारीक अक्षरात असतं. तिठ्यावर बॅनर लागलेले असतात, बक्षिसाची रक्कम मोठ्या आकड्यात. आणि सगळ्यात भरवशाचं म्हणजे पायलटला, म्हणजे पिवळ्या-काळ्या बाइकवरून भाड्याने सवारी नेणाऱ्याला, विचारा किंवा न्हाव्याला. मी एकदा केस कापायला गेलो तर न्हावी म्हणाला आज लवकर बंद करतोय, सेमीफायनल आहे, मग अर्धे केस कापून झाल्यावर आम्ही दोघं एकत्रच गेलो. निघायच्या आधी दुपारी एकदा परत विचारून घ्या मात्र, कारण गावात कुणी वारलं तर मॅच पुढे जाते, आणि ते बरोबरच आहे.

वेळ बहुतेक चार-साडेचारची, कारण लाइट नसतात आणि जानेवारीत सव्वासहा-साडेसहाला अंधारायला लागतं. पंधरा मिनिटं आधी पोचा आणि मावळतीकडे पाठ करून बसा नाहीतर पहिला हाफ डोळ्यावर हात धरून जाईल. बरीच ठिकाणं फुकट असतात, फायनलला कधी कुपन, लकी ड्रॉचं तिकीटही गळ्यात मारतील, घ्या एखादं, बक्षीस बकरा असला तर सांगलीला न्यायचा प्रश्न तुमचा. कडेला कुणी पैजा लावताना दिसले तर त्यात पडू नका. बायकांनी जावं का विचारलंत, तर गावच्या मॅचला बायका येतातच, आज्या तर खुर्ची घरून घेऊन येतात आणि रेफ्रीला सगळ्यात जास्त शिव्या त्यांच्याच असतात. हां, दारू पिऊन आलेले एकदोन भेटतील, फायनलला जास्त, त्यांच्यापासून लांब बसा इतकंच. टॉयलेटची सोय गावात धरू नका.

खायचं म्हणाल तर मॅच संपल्यावर गाड्यावरचं रस ऑम्लेट, म्हणजे ऑम्लेटवर शाकुतीचा, म्हणजे गोव्याच्या मसालेदार कालवणाचा, गरम रस्सा आणि सोबत पाव, हे चुकवू नका. शाकाहारी असाल तर मिरची भजी आणि भाजी-पाव आहेच.

आणि एक राहिलं. मुलाचे फुटबॉलचे शूज बॅगेत टाका. हाफटाइमची शिट्टी वाजली की गावची सगळी बारकी पोरं एकदम ग्राउंडमध्ये घुसतात, मोठ्यांच्या गोलमध्ये बॉल मारायला, आणि त्यांना नवीन पोरगा कुठून आला वगैरे काही पडलेलं नसतं, पास आला की द्यायचा एवढंच. दहा मिनिटांत माइकवाला हाकलतो सगळ्यांना, त्यामुळे लेस आधीच बांधून ठेवायला सांगा.