‘लक्षात ठेवणे’, ‘आठवणे’ आणि फोन

एका वाचकाचा प्रश्न आहे : ‘लक्षात ठेवणे’ आणि ‘आठवणे’ यांत फरक काय? आणि ‘तो नंबर फोनच्या लक्षात आहे’ हा प्रयोग चालेल का?

फरक नक्की आहे, आणि तो वेळेचा आहे. लक्षात ठेवायचे ते गोष्ट समोर असतानाच. आठवायचे ती नजरेआड झाल्यावर. ‘उद्या दहाला ये, लक्षात ठेव’ असे आपण म्हणतो. तिथे ‘आठव’ बसत नाही.

खरी गंमत ‘लक्ष’ या शब्दात आहे. संस्कृत ‘लक्ष्’ धातूत पाहण्याचा, खूण करण्याचा अर्थ आहे. मराठीत आधी लक्ष द्यायचे, मग गोष्ट लक्षात येते आणि मग लक्षात राहते. अवधान, आकलन, स्मरण, तिन्ही एकाच शब्दाच्या पोटात! आजच्या काळात ही जोडणी मला फार मोलाची वाटते, कारण फोनमुळे सुटतो तो नेमका पहिला दुवा.

मानसशास्त्रज्ञ बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना किरकोळ माहितीची वाक्ये संगणकावर टाइप करायला दिली. मजकूर सेव्ह होणार असे ज्यांना वाटले, त्यांना तो कमी आठवला. पुसला जाणार असे वाटलेल्यांना जास्त. एका प्रयोगात तर मजकुरापेक्षा तो कोणत्या फोल्डरमध्ये आहे हेच जास्त आठवले. म्हणजे माहिती निसटली, तिचा ठावठिकाणा राहिला.

मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांचा 2014 चा प्रयोग मला याहून बोलका वाटतो. संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले, त्या नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. पण वस्तूचा एखादा भाग झूम करून टिपला, तेव्हा मात्र ही घट दिसली नाही. कॅमेरा तोच. झूम करताना कुठे पाहायचे ते ठरवावे लागते, म्हणजे लक्ष द्यावे लागते.

म्हणून ‘फोनच्या लक्षात आहे’ हा प्रयोग मी करणार नाही. लक्ष देणाराच लक्षात ठेवू शकतो. फोनमध्ये नंबरची ‘नोंद’ असते, तो ‘टिपून ठेवलेला’ असतो. ‘फोनने आठवण करून दिली’ हे मात्र बिनचूक आहे. आठवण करून द्यायला रुमालाची गाठही चालते.