धुऱ्यावरचं जाडं सागवान: तोडीआधी वाचा

भाऊ, परवानगी हाती येईपर्यंत आरा लावू नका. वाहतूक परवान्याशिवाय लाकूड शेताच्या धुऱ्याबाहेर न्यायचं नाही.

पहिली चूक वजनात होते. 2 मीटर घेर, 3 मीटर लांबीचा ओंडका चौथाई घेराच्या हिशेबाने (घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी) 0.75 घनमीटर भरतो. ते व्यापाराचं माप. खरं आकारमान 0.95 घनमीटर, आणि ओलं लाकूड धरलं तर वजन जवळजवळ टनभर. ट्रॉली, रस्सी, माणसं त्या हिशेबाने ठरवा.

पाडायच्या बाजूला बुंध्याच्या व्यासाच्या चौथ्या हिश्शाएवढी खोल खाच घ्या. मागचा काप खाचेच्या तळापेक्षा दोन इंच वर, आणि मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्शाची पट्टी अखंड ठेवा. तीच झाडाला दिशा देते. ती कापली की झाड कुठंही जातं. फार झुकलेलं झाड मधूनच उभं फाटून मागं उसळतं, ते जाणत्याकडेच द्या. पळायची वाट आधी साफ करा, मागं तिरपी.

काळ्या मातीत पावसाळ्यात ट्रॉली रुततेच, म्हणून रब्बी निघाल्यावरच ओढा. दोन भक्कम बल्ल्या ट्रॉलीला तिरप्या लावून ओंडका रस्सीने लोळवत चढवा. उताराकडे कुणीही उभं राहायचं नाही, अगदी क्षणभरही.

धुऱ्यावरच्या खोडात कुंपणाची तार, खिळे गिळलेले असतात. चिराईआधी बुंधा धातूशोधकाने तपासा. चिराई करणाऱ्या आऱ्याचा पट्टा तुटला तर जीवावर बेततं. सागात सिलिका असते, पात्याची धार लवकर जाते. टोकांना तोडीच्याच दिवशी रंग फासा, नाहीतर भेगा पडतात. फळ्यांमध्ये दर दोन फुटांवर इंचभर पट्ट्या ठेवून सावलीत रचा.