मेस्सी घडवण्याचं श्रेय ग्वार्डिओलाला किती द्यावं?
घडवण्याचं म्हणाल तर फार नाही. मेस्सी तेराव्या वर्षी बार्सिलोनात आला, २००४ मध्ये तेव्हाचा प्रशिक्षक रायकार्डने त्याला लीगमध्ये उतरवलं; ग्वार्डिओला प्रशिक्षक झाला २००८ मध्ये. तोवर पोरगं तयारच होतं. पण जागा बदलण्याचं श्रेय मात्र त्याचंच. २ मे २००९, रिआल माद्रिदचं मैदान. उजव्या कडेला खेळणाऱ्या मेस्सीला त्याने मधे आणलं, तेही अगदी पुढे नाही, जरा मागे. रिआलच्या बचावपटूंना कळेना, याच्यामागे धावावं की जागा धरून राहावं. निकाल ६-२, बार्सिलोनाच्या बाजूने! २०११-१२ च्या मोसमात तर क्लबसाठी ७३ गोल. (शेजारी मधल्या फळीत झावी-इनिएस्टासारखे खेळाडू होते, हेही आहेच म्हणा.) माझ्या हिशेबाने प्रशिक्षकाला रुपयातले चार आणे. आर्सेनलचा प्रशिक्षक वेंगरने ऑन्रीला विंगवरून (म्हणजे कडेवरून) आणून स्ट्रायकर केलं, तिथे मी आठ आणे देईन.