जुन्या फोक्सवॅगन व्हॅनॅगॉन व्हॅनमध्ये सुबारूचं इंजिन बसवताना

2.1 लिटरच्या मूळ इंजिनाची ताकद जेमतेम 95 अश्वशक्ती, त्यामुळे चढावर जीव जातो. पहिल्यांदाच करताय तर सुबारूचं ईजे22 (2.2 लिटरचं इंजिन) घ्या, साधारण 130 मिळतात. 2.5 लिटरच्या ईजे25 च्या मोहात पडू नका, त्याच्या हेड गॅस्केटची (सिलिंडर हेड आणि ब्लॉकमधलं सील) ख्याती चांगली नाही.

इंजिन बाहेर आहे तोवरच टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि मागचं ऑइल सील बदला. गिअरबॉक्सला जोडायला अडॅप्टर प्लेट लागते. सुबारूचा मूळ ऑइल पॅन (इंजिनाखालची तेलाची टाकी) खाली लोंबतो, म्हणून आखूड पॅन लावा. पण आतला तेल ओढणारा पिकअप पाइपही तेवढाच आखूड हवा, नाहीतर तो तळाला टेकतो आणि तेल ओढलं जात नाही.

खरी गोची कूलिंगची. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी गरम झालं की उघडणारी झडप, पंपात पाणी शिरतं त्या तोंडाशी असतो. हीटरचा परतीचा पाइप बंद केलात तर गरम पाणी त्याच्यापर्यंत पोचत नाही, तो उघडत नाही आणि इंजिन उकळतं. हा पाइप कायम वाहता ठेवा. रेडिएटर पुढे, इंजिन मागे, त्यामुळे मधे हवा अडकतेच. गाडीचं नाक जॅकवर उचला, इंजिन 2000 आरपीएमवर ठेवा आणि रेडिएटरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) सैल करा. बुडबुडे थांबून सलग धार आली की आवळा.

वायरिंगमध्ये गाडीचा वेग इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवणारा स्पीड सेन्सर वगळू नका. त्याचा सिग्नल नसला की चौकात थांबताना गाडी बंद पडते! आणि ताकद वाढणार, म्हणून ब्रेक मात्र आधी तपासा.