झाकण लावल्यावरही लिनक्स लॅपटॉपची बॅटरी रात्रीत का उतरते?

उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) असलेल्या लॅपटॉपचे झाकण रात्री लावले तर सकाळी बॅटरी निम्म्यावर आलेली असते आणि हायबरनेटचा, म्हणजे चालू काम डिस्कवर ठेवून यंत्र पूर्ण बंद करण्याचा, पर्याय कोठेच दिसत नाही, तर बॅटरी बदलावी का, असे आपण विचारले आहे. कृपया इतक्यात बदलू नये. याच लक्षणावरून मी बॅटरी बदलली होती आणि नवी बॅटरीही तशीच उतरत राहिली.

लॅपटॉपची झोप दोन प्रकारची असते. 'डीप' झोपेत प्रोसेसर बंद होतो व केवळ रॅमला वीज मिळत राहते. 'एसटूआयडल' या प्रकारात मात्र प्रोग्रॅम गोठवले जातात, पण प्रोसेसर चालूच असतो. त्यामुळे एसएसडी किंवा यूएसबी कंट्रोलर यांपैकी एखादे जरी नीट निजले नाही, तरी रात्रभर वीज खर्च होत राहते.

आपल्याकडे कोणता प्रकार चालू आहे हे पाहण्यासाठी टर्मिनलमध्ये 'कॅट /सिस/पॉवर/मेम_स्लीप' ही आज्ञा द्यावी (टाइप करताना सारी अक्षरे रोमन लिपीतील लहान असावीत). उत्तरातील ज्या शब्दाभोवती चौकटी कंस असेल, तो प्रकार चालू आहे. माझ्याकडे कंस एसटूआयडलभोवती होता व शेजारी डीप नुसताच उभा होता. तसेच असेल तर ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ओळीत 'मेम_स्लीप_डीफॉल्ट=डीप' जोडावे, 'अपडेट-ग्रब' चालवावे आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. डीप हा शब्दच नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या स्वतःच्या मूळ सेटिंगमध्ये, पाहावे. काही थिंकपॅडमध्ये 'स्लीप स्टेट' येथे 'लिनक्स' निवडले की तो उपलब्ध होतो. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये मात्र ही सोयच ठेवलेली नाही, आणि तेथे हायबरनेट हाच खरा उपाय आहे.

हायबरनेटमध्ये रॅममधील मजकुराची प्रत (प्रतिमा) स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर रॅमला जोड म्हणून राखलेल्या जागेत, लिहून यंत्र पूर्ण बंद होते, म्हणून स्वॅप पुरेसा मोठा हवा. कर्नल ही प्रतिमा रॅमच्या सुमारे दोन-पंचमांश आकारात बसवू पाहतो, म्हणजे 16 जीबी रॅमसाठी साडेसहा जीबीच्या आसपास. पण तेवढ्यात ती बसेलच असे नाही, म्हणून मी स्वॅप रॅमइतकाच ठेवतो. झेडरॅम हा दाबून साठवणारा स्वॅप येथे उपयोगाचा नाही, कारण तो रॅममध्येच असतो. स्वॅप फाइल असेल तर कर्नलच्या ओळीत 'रिझ्यूम=' पुढे ती फाइल असलेल्या विभाजनाचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) आणि 'रिझ्यूम_ऑफसेट=' पुढे फाइल डिस्कवर जेथून सुरू होते तो आकडा द्यावा लागतो. 'फाइलफ्रॅग -व्ही' या आज्ञेपुढे स्वॅप फाइलचे नाव दिले की येणाऱ्या तक्त्यात '0:' ने सुरू होणाऱ्या ओळीत, फिजिकल ऑफसेटच्या रकान्यातील पहिला आकडा म्हणून, तो मिळतो. यानंतर 'अपडेट-ग्रब' आणि 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' या दोन्ही आज्ञा चालवाव्यात. हा आकडा फार जपून उतरवावा: तो चुकला तर एक तर लॅपटॉप हायबरनेटला नकार देतो, किंवा पुढच्या वेळी कोरा डेस्कटॉप उघडून न जतन केलेले काम जाऊ शकते. स्वॅप फाइल नव्याने केली तर आकडाही बदलतो.

एवढे करूनही लॅपटॉप नकार देत असेल तर '/सिस/पॉवर/डिस्क' ही फाइल वाचावी. तेथे कंसात 'डिसेबल्ड' आले, तर बहुधा सिक्युअर बूट (केवळ खात्रीच्या सहीची प्रणाली सुरू होऊ देणारी बायोसमधील सोय) चालू असल्यामुळे कर्नलने हायबरनेट अडवलेले असते.

पहिली चाचणी सर्व काम जतन करूनच, 'सिस्टमसीटीएल हायबरनेट' या आज्ञेने घ्यावी. ती दोन-तीनदा सुरळीत पार पडली की लॉगिनडीच्या (झाकण व पॉवर बटण यांवर काय करायचे ते ठरवणाऱ्या सेवेच्या) सेटिंगमध्ये झाकणासाठी 'सस्पेंड-देन-हायबरनेट' निवडावे, म्हणजे लॅपटॉप आधी झोपेल आणि पुढे आपोआप पूर्ण बंद होईल. तरीही अडचण राहिली, तर वरील दोन फाइलींतील मजकूर आणि रॅम व स्वॅपचे आकार येथे कळवावेत. मी पाहून सांगेन.