आरएसयू व्हेस्ट झाले की घरच्या हिशेबात पगार धरायचे की गुंतवणूक?

तुम्ही विचारलंय की अमेरिकन कंपनीच्या मुंबई ऑफिसातून दर तिमाहीला आरएसयू (ठरलेल्या तारखेला कंपनीकडून मिळणारे तिचे शेअर; ते नावावर होतात त्याला व्हेस्ट होणं म्हणतात) मिळतात, त्यातले काही शेअर करापोटी परस्पर विकले जातात, आणि जीएनयूकॅश या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये सॅलरी स्लिप आणि ब्रोकरचं स्टेटमेंट दोन्ही भरलं की ताळाच लागत नाही.

आधी पगार, मग गुंतवणूक, आणि दोन्ही एकाच दिवशी. कंपनीने त्या दिवशी रोख पगार दिला आणि तुम्ही तिथल्या तिथे त्याच भावाने तिचे शेअर घेतले, असं समजा. आयकर खातंही तसंच बघतं: व्हेस्टिंगच्या दिवशीची किंमत पर्क्विझिट (पगाराव्यतिरिक्तचा लाभ) म्हणून पगारात करपात्र, आणि पुढे शेअर विकाल तेव्हा तीच तुमची खरेदी किंमत.

आकडे घेऊन बघू. 100 शेअर व्हेस्ट झाले, भाव 50 डॉलर, डॉलरचा दर सोयीसाठी 84. म्हणजे 4,20,000 रुपये. सरचार्ज नाही आणि 31.2 टक्के कर धरला तर 1,31,040. अर्धामुर्धा शेअर विकत नाहीत, म्हणून 32 विकले, आले 1,34,400.

आता जीएनयूकॅशमध्ये एक उचंत खातं (सस्पेन्स अकाउंट, रक्कम तात्पुरती ठेवायला) उघडा. सगळी मेख इथेच आहे. पहिली नोंद व्हेस्टिंगच्या दिवसाची: 'पगार – आरएसयू' या उत्पन्न खात्यातून 4,20,000 निघाले आणि शेअर खात्यात पूर्ण 100 शेअर आले. 68 नाही, 100. दुसरी नोंद विक्रीची: 32 शेअर गेले, 1,34,400 उचंत खात्यात आले. (विक्रीचा भाव थोडा वरखाली असतो, कमिशनही जातं, तो किरकोळ नफा-तोटा भांडवली नफ्याच्या खात्यात टाका.) तिसरी नोंद पगाराच्या दिवशी: उचंत खात्यातून 1,31,040 टीडीएसला आणि उरलेले 3,360 बँकेत. उचंत खातं शून्यावर आलं की हिशेब बरोबर. नाही आलं तर स्लिप घेऊन पेरोलवाल्यांकडे जा, कारण चूक बहुधा तिथेच असते.

तुमचा ताळा न लागण्याचं कारणही यातच असणार. स्लिपमध्ये 4,20,000 एकदा मिळकतीच्या बाजूला दिसतात आणि बऱ्याच कंपन्या तेवढेच कपातीच्या बाजूलाही दाखवतात, कारण ते रोख मिळालेले नसतात. या दोन ओळी एकमेकींना मारतात. स्लिपमधली मिळकत आणि ब्रोकरची फाइल दोन्ही जशीच्या तशी इम्पोर्ट केली तर एकच उत्पन्न दोनदा चढतं, किंवा शेअर शून्य खरेदी किमतीने येतात. दुसरा प्रकार जास्त वाईट: विकाल तेव्हा सॉफ्टवेअर सगळी रक्कम नफा म्हणून दाखवेल, आणि त्यावर तर तुम्ही कर भरून बसलेले असता.

भाव कुठला? संध्याकाळी सातला (थंडीत आठला) अमेरिकन बाजार उघडतो, तेव्हा कर्जत लोकलमध्ये उभ्याउभ्या मोबाइलवर दिसतो तो नव्हे. कंपनीने पर्क्विझिट काढताना जो भाव आणि डॉलरचा जो दर धरला, तोच. एचआर पोर्टलवर त्याचं पत्रक असतं, ते मागून घ्या. विक्रीचं गणित मात्र वेगळ्या दराने होतं: ज्या महिन्यात विकले त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट (बँक डॉलर विकत घेते तो दर). तो नोंदीच्या शेऱ्यात लिहून ठेवा, जुलैत रिटर्न भरताना शोधत बसावं लागत नाही.

प्रत्येक व्हेस्टिंगचा लॉट (त्या दिवशी आलेले शेअर) वेगळा ठेवा. परदेशात लिस्ट झालेले शेअर 24 महिन्यांपेक्षा जास्त ठेवले तरच दीर्घ मुदतीचे, मग 12.5 टक्के आणि वर सेस. आधी विकले तर तुमचा स्लॅब. भारतीय शेअरवरची सव्वा लाखाची सूट इथे मिळत नाही.

व्हेस्ट न झालेले शेअर खात्यात घेऊच नका. आमच्याकडे पवईत जेवणाच्या टेबलावर चार वर्षांच्या ग्रँटचा (कंपनीने देऊ केलेल्या एकूण शेअरचा) आकडा धरून घोडबंदर रोडच्या टू बीएचकेचे हप्ते मांडणारे पुष्कळ आहेत. बाजारात तुरी! नोकरी सुटली की ते शेअर बहुतेक वेळा जातात, आणि भाव तर तोवर कुठेही असेल. तारखा आणि संख्या एका साध्या एक्सेल शीटमध्ये ठेवा, नेटवर्थमध्ये शून्य.

डिव्हिडंड मिळत असेल तर पूर्ण रक्कम उत्पन्नात दाखवा आणि अमेरिकेत कापलेला 25 टक्के कर वेगळ्या खात्यात. परदेशात कापलेल्या कराची भारतात वजावट मागणारा फॉर्म (फॉर्म 67) भरताना तोच आकडा लागतो.

राहिलं शेड्यूल एफए, म्हणजे रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा तक्ता. एकही परदेशी शेअर नावावर असेल तर आयटीआर-1 हा साधा रिटर्न फॉर्म चालत नाही, आणि एफएमधली माहिती आर्थिक वर्षाची नसून जानेवारी ते डिसेंबरची लागते. सुरुवातीची किंमत, वर्षातली सर्वोच्च किंमत, 31 डिसेंबरची किंमत, सगळं रुपयांत. त्यामुळे जीएनयूकॅशमधून दोन रिपोर्ट काढायची सवय लावा, एक मार्चअखेरचा, एक डिसेंबरअखेरचा. ब्रोकरचं वर्षाचं स्टेटमेंट जानेवारीतच उतरवून घ्या, आणि ऑफिसच्या ईमेलवर उघडलेलं ब्रोकरचं लॉगिन आजच स्वतःच्या ईमेलवर बदला.