मुरगळलेल्या घोट्याला क्रेप बँडेज किती घट्ट बांधावं?

आधार वाटेल इतकं घट्ट, पण बोटं बधिर होणार नाहीत इतपतच. बांधून झालं की पायाच्या अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत दाबा आणि सोडा. साधारण २ सेकंदांत गुलाबी रंग परतला नाही तर बँडेज आवळलंय. बोटं गार, निळसर किंवा मुंग्या आल्यासारखी वाटली तरी तेच: सगळं सोडून पुन्हा बांधा. सूज नंतरही वाढते, म्हणून ही तपासणी दर १० मिनिटांनी करा.

मोठ्या माणसाच्या घोट्याला ७.५ किंवा १० सेंमी रुंदीची पट्टी पुरते. पाऊल काटकोनात धरून बोटांच्या मुळापासून सुरुवात करा आणि वर जा. उलट केलं तर सूज पावलात उतरते. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा यावा, घोट्यापाशी इंग्रजी आठच्या आकड्यासारखा. टाच उघडी राहिली तरी चालते. पट्टी ताणत नेऊ नका, नुसती उलगडत न्या. बहुतेकांचं इथेच बिनसतं.

जखम असेल तर आधी निर्जंतुक गॉज, मग पट्टी. झोपताना काढून ठेवा.

चार पावलंही टाकता येत नसतील तर बँडेजचा विचार सोडा, एक्स-रे काढा.